कुंकवाखालचं कपाळ

आर्वी
ता. १९ नोव्हेंबर १९५६

चि. सुलोचना हिस, अनुसयाचा आशीर्वाद.

तू मला काय म्हणावंस हे इतक्या वर्षांत ठरलं नाही, म्हणून मीही नुसतं नाव लिहिते. तुझी आई गेल्यावर तिच्या जागी या घरात आलेली बाई, एवढी ओळख तुला पुरे आहे. मी आले तेव्हा आजी तुला आंजीला घेऊन गेली होती. तुझा एक परकर आणि केसांची रिबीन अजून कोनाड्यात आहेत. मी काही हलवलं नाही.

काल आंजीचा नत्थू कापसाची गाडी घेऊन आला होता. तो सांगत होता की वर्ध्याच्या महादेवरावांकडचे लोक तुला पाहून गेले, पसंतीही झाली, आणि मग एकदम गप्प बसले. मुलीच्या आईला कोड होतं, ते लेकीतही उतरेल, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. नत्थू चहा पिऊन निघून गेला आणि माझी भाजी करपली.

तू त्याच्याबरोबर आईचा टाक मागितलास. तो देता येत नाही. पहिलीच्या नावाने चांदीचा टाक घडवून दुसरीच्या गळ्यात घालतात. तो उतरवला तर पहिली दुसरीला सुखाने नांदू देत नाही, असं सगळे मानतात. मी मानते की नाही हे मला धड सांगता येणार नाही. पण आंघोळ झाली की आधी तिला कुंकू लावते, मग मला. इतक्या वर्षांत त्यात खंड नाही. तुझी आई विहिरीवर पाय घसरून गेली, असं मला या घरात आल्या आल्या सांगण्यात आलं. मीही तसंच लिहिते.

आणखी एक. दिवाळीला तुझ्या बाबांनी बांगड्यांबरोबर आपल्या दुकानातल्या कुंकवाची पुडी पाठवली होती. ते कुंकू लावू नकोस. देवाला लाव, गाईला लाव, स्वतःला नको. कारण विचारू नकोस. रंग उतरतो, पदराला लागतो, एवढंच समज.

अनुसया

आर्वी
ता. २१ जानेवारी १९५७

चि. सुलोचना,

तुझं कार्ड पोचलं. अक्षर फार सुरेख आहे. आजीने चांगलं शिकवलं, शिव्यासुद्धा शुद्ध लिहिल्या आहेस. "कुंकवाच्या दुकानावर पोट भरता आणि मला कुंकू लावू नको म्हणता, मग तुमच्या मनात काय आहे?" असं तू विचारलंस. उघडं कार्ड असल्यामुळे ते आधी पोस्टमनने वाचलं, मग शेजारच्या मीराबाईने, मग मी. आता हे पाकिटात घालते आहे.

माझ्या मनात काय आहे ते सांगते, पण जरा लांबून.

माझ्या माहेरी, देवळीला, आई घरीच कुंकू करायची. लिंबाच्या रसात सवागी, म्हणजे सोनार वापरतात तो टाकणखार, विरघळवायची. त्यात हळकुंडांचे तुकडे भिजत घालायची, सावलीत वाळवायची आणि कुटायची. हळद आपोआप लाल होत जाते. वासावरून कळतं की ही हळदच. रंग मात्र भडक नसतो, विटेकडे झुकलेला असतो. लग्नाच्या वर्षी मी ते इथे आणलं तर तुझ्या बाबांच्या आत्याने बोटाने चाखल्यासारखं करून म्हटलं, "हे काय कुंकू हाय? मातीवानी दिसते."

दुकानातलं कुंकू पत्र्याच्या डब्यातून येतं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणतात, तो आणखी कुठून आणतो. आपण पुड्या बांधतो. डब्यावर लक्ष्मी आहे, कमळ आहे, 'अस्सल' असं मोठ्या अक्षरात आहे. आत काय घातलंय ते कुठेच नाही. मी दुपारी दुकानात बसते तेव्हा मला वेष्टनं वाचायची खोड आहे. साबणाच्या वेष्टनावर खोबरेल छापतात. केसांच्या तेलाच्या बाटलीवर ब्राह्मी, आवळा असं काहीबाही लिहितात, खरं असो नसो. कपाळावर जन्मभर राहायचं त्याच्यावर मात्र नुसती लक्ष्मी.

तू घरी करून पाहा. दोन पेले पाणी घे. एकात चिमूटभर घरचं कुंकू टाक, दुसऱ्यात आमचं. घरचं खाली बसतं, पाणी पिवळसर होतं. आमच्याने सगळा पेला गुलाबी होतो आणि तळाशी पांढरी पूड राहते, पाटीवर लिहायच्या दगडाच्या भुकटीसारखी. मग दोन्ही पाण्यांत चिंधी बुडव आणि उन्हात टाक. हळदीचा डाग ऊन खातं. आमचा जात नाही. कापड रंगवायच्या रंगाची पूडही अशीच वागते, ती आम्ही होळीला विकतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. ओसरीवर बायका मावत नव्हत्या. प्रत्येकीच्या कपाळाला बोट लावताना मी तिच्या कुंकवाची कड पाहत होते. मोठं कुंकू असलं की माझं बोट थांबायचं. एकीच्या कडेला फिकं दिसलं, मला वाटलं पावडर असेल, मग वाटलं नसेल. सुगड द्यायचं राहून गेलं तर मीराबाई म्हणाली, "अनुसयाबाई, कपाळात काय शोधून राह्यल्या?"

आजीला एक विचार. तुझ्या आईचं कुंकू लग्नात केवढं होतं आणि शेवटी केवढं होतं?

अनुसया

आर्वी
ता. १८ फेब्रुवारी १९५७

चि. सुलोचना,

तू उत्तर पाठवशील असं वाटलं नव्हतं. लग्नात मसुराएवढं, शेवटी बंद्या रुपयाएवढं. वर्षावर्षाला वाढत गेलं आणि आजी म्हणायची, रुख्मिणी, तुझं सौभाग्यच वाढून राह्यलं. तुझं पाकीट मी दुकानात वाचलं आणि गल्ला उघडा टाकून घरात आले.

माझंही बंद्या रुपयाएवढं आहे.

आता तुला सगळं सांगायला हवं. मी या घरात आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात कपाळ खाजायला लागलं. कातडी खरबरीत झाली, मग एक दिवस कुंकू पुसलं तर खाली तांदळाएवढा पांढरा डाग. मी कोणाला सांगितलं नाही. कुंकू थोडं मोठं लावलं. डाग थोडा मोठा झाला. पुन्हा मोठं लावलं. ज्याने डाग आला त्यानेच मी तो झाकत होते, आणि हे कळायला मला वर्षं लागली.

तोवर मला दुसरंच वाटत होतं. मीराबाईला एकदा आंघोळीच्या वेळी दिसलं. ती मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "तिलेही अस्संच होतं, बाई. अस्संच, याच जागी. तिनं तिचं कुंकू वापस मांगलं." तिने पुढे कोणाला सांगितलं नाही, एवढे तिचे उपकार आहेत. पण त्या दिवसापासून घरात आम्ही दोघी झालो. आरशात डाग दिसला की वाटे, मी नाही पाहत, ती पाहते आहे. ती कशी दिसायची ते मला ठाऊक नाही. तिचा फोटो नाही. टाकावर सोनाराने नुसते दोन डोळे काढलेत आणि कपाळ. मी त्या कपाळाला रोज कुंकू लावायची आणि म्हणायची, एवढं घेतलंस, आता पुरे कर. उपास केले. तिच्या नावाने सवाष्ण जेवू घातली. चोळी दिली. ती काही पुरे करत नव्हती. मी तिचा राग करायला लागले. तू मला पत्रात बोललीस त्यापेक्षा वाईट मी तिला मनात बोलले आहे.

मग गेल्या पावसाळ्यात दुकानात केस काळे करायचा कलप आला. त्याच्या डबीत एक चिठ्ठी असते. आधी थोडा कानामागे लावून पाहावा, आग किंवा खाज झाल्यास वापरू नये, असं तिच्यावर छापलेलं. गिऱ्हाईक ती फेकून देतं. मी ती वाचत बसले. पांढरे केस लपवणाऱ्या पुरुषाला जे सांगतात ते मला कोणी का सांगितलं नाही, असं मनात आलं, आणि मी उठून देवळीला आईला निरोप पाठवला की घरचं कुंकू पाठव.

दसऱ्यापासून मी रोज डाव्या दंडावर, पोलक्याच्या बाहीखाली, दुकानातलं कुंकू लावते. उजव्या दंडावर आईचं. दोन्हीखाली कुंकू चिकटायला लावलेलं मेण एकच, म्हणजे मेणावर संशय नको. डावा दंड दिवाळीच्या सुमारास खाजायला लागला. म्हणूनच तेव्हा तुला ते पत्र लिहिलं. आता तिथे मसुराएवढा पांढरा ठिपका आहे. उजवा दंड जसाच्या तसा.

कोड असं सांगितल्या जागी येत नाही, सुलोचना. मी जिथे लावलं तिथेच आलं. आणि तुझी आई आणि मी काही एका रक्ताच्या नाही. आमच्यात सारखं एवढंच, की एकाच डब्यातलं कुंकू एकाच आरशापुढे लावलं. तुझ्या आईला कोड नव्हतं. तुझ्यात उतरायला काही नव्हतंच.

विहिरीचं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते तसं नसावं. मीराबाई सांगते, शेवटच्या वर्षी शेजारच्या बायकांनी तिच्या हातचं पाणी सोडलं होतं. पंगतीत तिच्याजवळचा पाट रिकामा राहायचा. पाय घसरायला विहिरीवर शेवाळ लागतं, आणि ते चैत्राचे दिवस होते.

महादेवरावांना हे कोणीतरी सांगायला हवं. ऐकून ते मानणार नाहीत, पाहिल्याशिवाय कसे मानतील? मी आंजीला येऊन दाखवायला तयार आहे. तू ये म्हण.

अनुसया

आर्वी
ता. २ एप्रिल १९५७

चि. सुलोचना,

इतके दिवस तुझं काहीच आलं नाही. आजीने पत्र चुलीत घातलं असेल असं धरून चालले होते. आज तुझं पाकीट आलं. त्याचं शेवटी लिहिते, आधी इकडचं ऐक.

शिवरात्रीपासून मी कुंकू लावणं सोडलं. दाखवायचं तर उघडं दाखवायचं, आणि डाग आणखी वाढायलाही नको. टाकालाही लावलं नाही. नवरा घरात असताना कपाळ मोकळं ठेवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ओट्यावर बसलेल्या बायका मी आले की बोलणं बदलायच्या. एकीने लेकराला उचलून पलीकडे बसवलं. तुझ्या आईला कसं वाटलं असेल ते मला एका महिन्यात कळलं.

आणि मग तुझ्या बाबांना ताप आला. हिवताप, दरवर्षी येतो तसाच, पण या वर्षी कोणी त्याला हिवताप म्हणेना. ते तीन गोधड्यांखाली थरथरत होते आणि मी पाणी पाजायला वाकले की गळ्यातला टाक त्यांच्या तोंडावर लोंबायचा. तिचे ते दोन डोळे त्यांच्याकडे, माझं पांढरं कपाळ त्यांच्याकडे. मला खरंच भीती वाटली. मी करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं. डोक्याला सगळं कळलेलं असतं, पण बोट ऐकत नाही.

ते बघत होते. म्हणाले, "लावून घे. लोक तोंडावर बोलून राह्यले."

मी म्हटलं, "तुमी सांगा का याच्यानं झालं नाई. मंग लावीन."

ते भिंतीकडे वळले. मला वाटलं झोप लागली. पण तसेच तोंड न वळवता बोलले. "हे खरं असन तं रुख्मिणीले मी मारलं असं होते. मले ते आयकाचं नाई."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तेच पुढे म्हणाले, "तिले लाल आवडे. नवा डबा आला का त्यातलं सगळ्यात लाल मी तिच्यासाठी काढून ठेवत होतो. दुकानात कोणाले देत नव्हतो." मग त्यांनी गोधडी तोंडावर ओढून घेतली. सुलोचना, या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. गोधडी हलत होती, ती तापाने की कशाने मी विचारलं नाही. करंडा मिटून जागेवर ठेवला.

ताप उतरला. पहिल्या दिवशी दुकानात गेले ते लक्ष्मीचा डबा फळीवरून उतरवून आले. पण आधी गेलेल्या पुड्या कशा परत आणायच्या? आष्टीपर्यंत, पुलगावपर्यंत आपलं कुंकू जातं. बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसते आणि समोरून बायका जातात, मोठमोठी लाल कुंकवं लावून, हसत, घासाघीस करत. कोणाच्या कुंकवाखाली काय आहे मला दिसत नाही. त्यातल्या कितीजणी रात्री आरशात पाहून कोणाला तरी पुरे कर म्हणत असतील? परवा एक म्हातारी आली, "तेच लालवालं द्या." नाही म्हटलं तर रागावून दुसऱ्या दुकानात गेली.

तुझं पाकीट. "महादेवरावांकडचे रामनवमी झाली की शेवटचं बोलायला येणार. आजी म्हणते तुम्ही येऊ नका. मी म्हणते या." एवढंच आहे. तो 'या' तू गिरवून काळा केलास. मी येते.

अनुसया

आर्वी
ता. १७ एप्रिल १९५७

चि. सुलोचना,

परवा तू सगळा वेळ आत होतीस आणि आम्ही शेवटच्या मोटारीने परत निघालो. आपलं धड बोलणं झालं नाही. बाहेर काय झालं ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

मोटारीतून मी आधी उतरले. आजी दारातच होती. माझं कपाळ पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "सदाशिवराव गेले काय वं?" असं म्हणून तिने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात माझ्या मागून तुझे बाबा पिशवी घेऊन उतरले. आजी त्यांच्याकडे बघतच राहिली. मला त्या वेळी हसू आलं, खरं सांगते. त्यानंतर मात्र तुझ्या आजीने, मनकर्णाबाईंनी, मला हाताला धरून आत नेलं आणि उजेडात उभं करून माझं कपाळ बोटाने चाचपलं. त्यांचा अंगठा बराच वेळ तिथे होता. "अशीच होती," म्हणाल्या. "अशीच होती माही लेक. अन मीच तिले म्हटलं, मोठं लाव म्हून."

महादेवराव बाजेवर बसले होते, त्यांची बायको जोत्याशी. मी डोक्यावरचा पदर मागे घेतला. पुरुषांसमोर बाही वर करावी लागली, ती केली. डावा दंड दाखवला, उजवा दाखवला, आणि जे तुला पत्रात लिहिलं तेच सांगितलं. महादेवराव नीट ऐकत होते, पण व्यापारी माणूस, म्हणाले, "बाई, तुमाले पोरीचं लगन जुळवाचं हाय. तुमी तं सांगानच."

मी बाही खाली घेतली. सावत्र आई खोटं बोलते यावर विश्वास ठेवायला कोणाला जड जात नाही. सावत्र आई खरं बोलते हेच जड.

तेव्हा तुझे बाबा बोलले. इतका वेळ पिशवी मांडीवर धरून बसले होते. म्हणाले, "पुडी माह्या दुकानातली होती. रुख्मिणीले मीच आणून देत होतो, हिलेही मीच देल्ली. पोरीच्या रक्तात काई नाई. दोष हाय तो माह्या हातात हाय. तुमच्या घरीही आमचंच कुंकू येते, महादेवराव."

 महादेवरावांची बायको उठली. कपाळावरचा तिचा हात मी आधीच पाहिला होता, कुंकवाच्या कडेवर फिरत होता, डास चावल्यासारखा. "पाणी असन?" म्हणाली आणि तू होतीस त्या खोलीत गेली. दार लोटलं. आत काय झालं ते तुला ठाऊक, मला नाही, आणि मी विचारणारही नाही. मला फक्त कळशीचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर नुसती ओली हळद होती. पार भुवयांपर्यंत. महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते पायातल्या जोड्याकडे बघू लागले.

मोटारीपाशी ती माझ्याजवळ आली. नवऱ्याकडे बघत मला म्हणाली, "वैशाखातला मुहूर्त काढाले सांगतो मी यायले. कुंकू तेवढं तुमी कराजा. तुमच्या मायसारखं." एवढं बोलून ती वळली. तिला आणखी बोलायचं असतं तर मी ऐकलं असतं.

देवळीहून आई आली आहे. अंगणात सावलीला हळद वाळते आहे. दोघींचे हात पिवळे झालेत, तुझे बाबा लिंबं पिळून देतात.

या पत्राबरोबर नत्थूच्या हाती एक पुडकं पाठवते. त्यात तुझ्या आईचा टाक आहे. मी तो चिंचेने घासला. इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली तिच्या कपाळावरची चांदी काळीठिक्कर पडली होती. त्याच कुंकवाने माझं पांढरं झालं. तिचं घासून स्वच्छ निघालं. माझं निघेल की नाही ते सांगता येत नाही, वर्ध्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्याही वाट पाहा म्हणाल्या.

टाक उतरवला म्हणून मीराबाई घाबरली आहे. मी घाबरले नाही, पण आज सकाळी आंघोळ झाल्यावर हात सवयीने गळ्याशी गेला आणि तिथे कोणी नव्हतं. इतकी वर्षं मी त्या बाईला भ्यायले, सुलोचना, तिचा राग केला, आणि ती बिचारी माझ्यासारखीच कपाळ झाकत फिरत होती. आता ती या घरात नाही तर मला करमत नाही. हे कोणाजवळ बोलावं कळलं नाही, म्हणून तुला लिहिलं.

कुंकू तयार झालं की मागाहून येईल. भडक नाही, मातीसारखं दिसेल, हसतील त्यांना हसू दे. लग्नाच्या सकाळी आधी तिला लाव, मग तुला.

अनुसया